दोन चमचे, जेवणानंतर

मला एका जागी बसता येत नाही. शाळेत पर्यवेक्षिका होते तोवर हा गुण समजला जायचा. परीक्षेच्या वेळी तीन तास वर्गावर्गांतून फेऱ्या मारायच्या, कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे ते नुसत्या खांद्यांवरून ओळखायचं, आणि चहा निवायच्या आत पुढच्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर त्याच गुणाचा घरच्यांना जाच होऊ लागला. सून एकदा फार गोड आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही जरा बसा ना. तुमच्याकडे बघून आम्हाला दमायला होतं." मी बसले नाही. व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन नाव नोंदवून आले.

हेच काम का, असं पुष्कळांनी विचारलं. मी "समाजकार्य" असं उत्तर ठेवलं होतं, कारण त्यावर कोणी पुढे विचारत नाही. खरं उत्तर माझा धाकटा भाऊ. तो दारूने गेला. आमच्या घरात मात्र दारू हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. त्याला "पित्ताचा त्रास" होता. पित्ताच्या त्रासाने तो जिन्यात पडायचा, पित्ताच्या त्रासाने त्याची नोकरी सुटली, आणि त्याला भेटायला आलेल्यांना मीच दारातून परत पाठवायचे, झोपलाय म्हणून. पेठेतल्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आम्हीच तेवढे झाकत होतो.

केंद्रातून बरे होऊन निघालेल्यांना, तसंच तुरुंगातून सुटून आलेल्यांना, एकेक सोबती देतात. सोबत्याने आठवड्यातून एकदा फोन करायचा, कामधंद्याला, कागदपत्रांना मदत करायची, आणि अडल्यावर हाकेला असायचं. पहिल्याच दिवशी तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, "यातलं निम्मं काम म्हणजे ऐकणं. उरलेलं निम्मं म्हणजे गप्प बसणं." मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेलं सगळं डोक्यात शिरतंच असं नाही, हे मी आयुष्यभर मुलांना ओरडून सांगत आले होते.

माझ्या वाट्याला आलेला माणूस चाळिशीचा, लोणी काळभोरचा. पूर्वी भाजीचा टेम्पो चालवायचा. एका दुपारी पिऊन टेम्पो हाकताना त्याने सोलापूर रस्त्यावर एका सायकलवाल्याला उडवलं. सायकलवाला वाचला नाही. शिक्षा भोगून तो बाहेर आला आणि आठव्या दिवशी पुन्हा प्यायला. तेव्हा बायकोने त्याला दंडाला धरून केंद्रात आणलं आणि सगळ्यांसमोर अट घातली. एक वर्ष, एक थेंब नाही. मगच घरात पाऊल. तोवर महिन्यातले दोन रविवार यायचं, ओट्यावर बसून मुलीशी बोलायचं आणि निघायचं. त्याने मान हलवली आणि अलीकडच्या मांजरी गावात एक खोली घेऊन राहू लागला.

आमच्या गटाची एक रीत आहे. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचं. एकेकाने उभं राहून आपला आज कितवा दिवस ते सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. एक थेंब घेतला की मोजणी पुन्हा एकपासून. तुरुंगातले दिवस धरायचे नाहीत. "तिथं हाताला लागतच नव्हती बाई, मग त्याचं काय कवतिक," असं तोच मला म्हणाला होता.

बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या एका घाऊक दुकानात मी त्याला पार्सलं बांधायचं काम मिळवून दिलं. दुकानाचे मालक माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हमी कोणाची?" मी म्हणाले, "माझी." "मग पर्स इथेच ठेवून जा," ते म्हणाले. आमच्याकडे होकार असाच देतात.

मी त्याला रोज सकाळी सात वाजता फोन करायचे. नियम आठवड्यातून एकदाचा होता, पण नियम माझ्यासाठी नसावा. त्याचा आवाज जरा जड वाटला की दुपारी गणपतीला जायचं निमित्त काढून दुकानावरून चक्कर. तो सुतळीने गठ्ठे आवळत असायचा. मी अगदी जवळ जाऊन कसल्या तरी मार्गदर्शिकेची किंमत विचारायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. एकदा त्याने मान वर न करताच म्हटलं, "बाई, वास घ्यायचा तर सरळ घ्या. पुस्तकाचा भाव कशाला इचारता?" मला भयंकर राग आला, कारण खरं बोलला होता.

असं करत करत तो तीनशे एकोणीस दिवसांवर आला. आकडा मला पाठ असायचा. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी तो रोज पेन्सिलीने लिहीत होते.

त्याच सुमारास त्याला ताप आला होता. ताप उतरला, पण माणूस पार गळून गेला. अन्नावर वासना नाही, गठ्ठा उचलताना हात थरथरतात. मी दुकानात डबा पाठवत होते. शुक्रवारी सुटल्यावर तो रिकामा डबा परत द्यायला घरी आला. त्याचा उतरलेला चेहरा बघितला आणि मी कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढली.

आमच्या घरात तापानंतर द्राक्षासव ठरलेलं. बाळंतपणानंतर सासूबाईंनी मला दिलं, दहावीला कावीळ झाल्यावर मी मुलाला दिलं. दोन चमचे, तितकंच पाणी, जेवणानंतर. औषध म्हणून डॉक्टरला विचारावं असंही कोणाला वाटत नाही, इतकं ते घरचं. तो म्हणाला, "नको बाई."

"का नको?"

"नको वाटतंय."

"औषधाला नको म्हणायचं नाही," मी शाळेतल्या आवाजात म्हटलं आणि दोन बिस्किटं खायला लावून पहिला डोस स्वतःच्या हाताने मोजून दिला. त्याने वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि घोट बराच वेळ तोंडात धरून मग गिळला. मला वाटलं, चव आवडली. बाटली पिशवीत घालून त्याच्या हातात दिली आणि फार समाधानाने दार लावलं.

पुढच्या गुरुवारी त्याची पाळी आली तेव्हा मी टाळीसाठी हात तयार ठेवले होते. तीनशे सव्वीस. तो उभा राहिला, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "आज माझा पयला दिवस."

रीतीप्रमाणे टाळ्या झाल्या, उलट जरा जोरातच. माझे हात मात्र मांडीवर तसेच राहिले. तो सांगत होता, "एक टॉनिक व्हतं. शुक्रवारी दोन चमचे घेतलं. शनवारी चार. पुढं चमचा सोडला आन् टोपणानं घेऊ लागलो. काल राहिलेली सगळी तोंडाला लावली. मग दुसरी आणायला औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. पायरीवर उभा राहिलो. तिथनं मागं फिरलो."

टॉनिक कोणी दिलं, ते त्याने सांगितलं नाही. मी हात वर करून सांगायला हवं होतं. वर्गातल्या फरशीवर रंगांचे वाळलेले डाग होते, मी त्यांच्याकडे बघत राहिले. जन्मभर कधी स्वस्थ न बसलेली बाई त्या दिवशी जागची हलली नाही. मला माझीच किळस आली.

सगळे निघाल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "अहो, पण ते द्राक्षासव होतं!"

"त्यात असती की बाई," तो म्हणाला. "पयल्या घोटालाच कळलं. तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन कपाटातली दुसरी बाटली काढली आणि चष्मा लावून वाचली. स्वनिर्मित मद्यार्क, असे बारीक शब्द आणि पुढे टक्क्यांचा आकडा. मुलांच्या उत्तरपत्रिकेतला अनुस्वार न सोडणारी मी, आणि असली बाटली माझ्या घरात माझ्या लग्नापासून होती. पण हे वाचन नंतरचं. जिन्यात मी अजून लढत होते.

"औषध मोजत नाहीत," मी म्हटलं. "मी समुपदेशक बाईंना सांगते. पुढच्या गुरुवारी सरळ तीनशे तेहेतीस म्हणा."

"पयले दोन चमचे औषध व्हते बाई. बाटली नव्हती."

"चाळीस दिवस राहिलेत फक्त! हे बघा, रविवारी लोणीला जाल तेव्हा बायकोजवळ यातलं अक्षर काढू नका. तिला कळायची काही गरज नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मीच दचकले. पित्ताचा त्रास, दुसरं काय. जित्याची खोड. "बघतो," एवढं म्हणून तो उतरून गेला.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी सातचा फोन केला नाही, कारण काय बोलायचं ते कळेना. दहा वाजता पायात चपला अडकवल्या आणि बाहेर पडले. हडपसरला बस बदलली. मांजरी फाट्यावर बस थांबली तेव्हा त्याची खोली आठवली, क्षणभर वाटलं, इथेच उतरावं. पण तो या वेळी दुकानात असणार, शिवाय मी ठरवून निघाले होते. बायकोला गाठायचं, चूक माझी आहे हे सांगायचं, आणि उरलेले चाळीस दिवस सुखरूप पार पाडायचे. त्याने सांगितलं तर ती चिडेल, मी सांगितलं तर ऐकेल. शाळेत पालकांना मी अशीच समजावत असे, आणि पालक ऐकत.

ती लोणीतल्याच एका कॉलेजच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये चपात्या करते. जेवणं उरकल्यावर मागच्या दाराने बाहेर आली, हाताला पीठ तसंच. मला ओळखून पायरीवर जागा करून दिली. मी उभ्याउभ्याच सगळं एका दमात सांगून टाकलं. ताप, द्राक्षासव, माझा आग्रह, गुरुवारची मोजणी. "त्यांची काही चूक नाही. तुम्ही हे धरू नका," असं म्हणून थांबले.

ती पदराने बोटं पुसत होती. एकेक बोट. मग तिने विचारलं, "त्यांनी धाडलंय तुम्हाला?"

"छे, मी आपणहून आले. त्यांना पत्ताही नाही."

"आन् तुम्ही त्यांना काय सांगितलंत? मला सांगा म्हणून, का सांगू नका म्हणून?"

शाळेत कोणी मला असं कोंडीत पकडलं नव्हतं. "सांगू नका म्हणून," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "बाई, पंधरा वर्षांत ह्या माणसानं मला एक गोष्ट खरी सांगितली नाय. टेम्पोखाली माणूस गेला ते बी मला पोलिसाकडनं कळलं. मी दारूचं काय घेऊन बसू? जेलात बी सुटलीच व्हती ती. हा माणूस एक दिवस मोरं येईल आन् कुणी न इचारता काय तरी खरं सांगंल, म्हणून वरीसभर थांबलेय मी. तो दिवस रविवारी व्हता. तुम्ही तो आज खाऊन टाकला."

मी पायरीवर बसले.

"आता रविवारी त्यांनी सांगितलं तरी मी काय समजू? मनानं सांगत्यात, का तुम्ही येऊन गेल्याचं कळलं म्हणून सांगत्यात?"

"मी त्यांना सांगणार नाही मी आले होते ते."

"जमंल?"

"जमेल."

"मला नाय वाटत," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. रात्रीच्या कणकेची वेळ झाली होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यासारखंही ते नव्हतं. बसमध्ये मी तीन वेळा फोन हातात घेतला. त्याला एवढंच सांगावं की रविवारी सगळं बोलून मोकळे व्हा. बस, तेवढंच. पण तेवढं सांगितलं की ते त्याचं राहिलं नसतं, माझं झालं असतं. आणि ती ओळखणार. ती बाई पिठाच्या हातांनी माणूस ओळखते. मी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि चेनवर हात ठेवून स्वारगेटपर्यंत आले.

शनिवारीही सातचा फोन केला नाही. साडेसातला मी पोळ्या लाटायला घेतल्या, आठला सोडून दिल्या, पुस्तकांचं कपाट उपसलं, ते तसंच टाकून गच्चीवर गेले. सुनेने पोळ्या पूर्ण केल्या आणि काही विचारलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. भीती एकच होती. तो गेला, हसून बोलून, गप्प बसून परत आला, तर संपलं. आणि गप्प बसायला त्याला मीच शिकवलं होतं.

दुपारी एक वाजता त्याचाच फोन आला.

"बाई, दोन दिवस झालं, सकाळचा फोन नाय. तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे."

"उद्या जायचंय लोणीला." मागे दुकानात कोणीतरी गठ्ठा आपटला. "तुम्ही म्हणला व्हता, तिला सांगू नका. दोन दिवस डोक्यात त्येच चाललंय. तुम्ही शिकलेल्या हायसा. आता नीट सांगा. सांगू का नको?"

तोंडात शब्द आलेच होते. "सांगा" म्हटलं तर तो उद्या माझा निरोप पोचवणार. "नको" म्हटलं तर त्याचं घर गेलं. "तिला माहीत आहे" म्हटलं तर दोघांचंही गेलं. चाळीस वर्षांत मी वर्गात न म्हटलेलं वाक्य मी त्याला म्हटलं.

"मला माहीत नाही."

"आँ?"

"मला माहीत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

"बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. त्या "बरं"मध्ये काय होतं, ते मी संध्याकाळपर्यंत उलटसुलट करून बघितलं, काही हाती लागलं नाही. माणूस दुखावला होता, हे मात्र नक्की. अडल्यावर हाकेला असायचं म्हणून जिला दिलेली, तिने हात झटकले, असंच त्याला वाटलं असणार. त्याचं खरंच वाईट वाटलं, आणि ते त्याला सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

रविवारी तो चारला पोचतो, सहाला निघतो. चारला मी फोन घरी ठेवून नदीच्या पुलापर्यंत चालत गेले, म्हणजे हात शिवशिवायला नकोत. पुलावर पोचल्यावर वाटलं, एवढ्यात फोन आला असेल तर? धापा टाकत परत आले. आला नव्हता. सहा वाजले, सात वाजले. दोन अंगणवाड्यांना वाटायचे म्हणून ठेवलेले जुने कपडे मी घड्या मोडून पुन्हा घातले. गुरुवारी गटात उभं राहून बाटली मी दिली हे सांगायचं, ते ठरवून टाकलं. तेवढं एकच माझ्या हातात होतं.

साडेसातला तिचा फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आत ती म्हणाली, "सांगितलं त्यांनी."

मी हातातला कपडा खाली ठेवला.

"आल्या आल्या नाय. पोरीशी बोलत बसले, चहा घेतला. निघाले बी. पार रस्त्यापर्यंत गेले, आन् माघारी आले. मग सगळं सांगितलं. चमच्यापासनं बाटलीपर्यंत. तुमचं नाव नाय घेतलं. वळखीच्या एकांनी दिलं म्हणाले."

"आणि वर्ष?"

"पयल्यापासनं. मी बोलायच्या आधी तेच म्हणाले."

म्हणजे अजून एक पूर्ण वर्ष. माझ्या दोन चमच्यांनी त्या घराचं एक वर्ष नेलं. मी माफी मागायला लागले, तर तिने मला थांबवलं.

"ऐका तर. मी त्यांना मुद्दाम इचारलं, बाईंनी सांगितलं व्हतं का सांगायला? तर म्हणाले, इचारलं व्हतं मी त्यांना. त्या म्हणल्या, मला म्हाईत नाय." तिचा आवाज जरा हलला. हसत होती की काय, ते फोनवर कळलं नाही. "म्हणाले, तेव्हा मला पयल्यांदा भ्या वाटलं. बाईंना बी म्हाईत नसंल, तर मग आता आपल्यालाच बोलाया लागणार."